हातचं राखून

वहिनीचे केस मी तिच्या पस्तिशीतच पिकवले. नणंदेने असं म्हटलं की लोकांना वाटतं, छळलं असेल हिने बिचारीला. तसं काही नाही. मी सिनेमात केशभूषा करते, वहिनी सिनेमात कामं करते, आणि तिला पहिल्यांदा आईचं काम मिळालं त्या दिवशी मीच तिला आरशासमोर बसवलं आणि पांढरा रंग घेऊन कानशिलापासून सुरुवात केली. हिंदी सिनेमात बाई एकदा आई झाली की मागे फिरायला वाट नसते. त्या सिनेमात तिचा जो मुलगा होता तो वयाने तिच्याहून मोठा होता. तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा शॉट होता, तर खाली बसताना त्याचेच गुडघे वाजले.

ती आली होती हिरॉइन व्हायला. सगळ्याच त्यासाठी येतात, पाठीमागे उभं राहायला कुणी येत नाही. आधी ती हिरॉइनची मैत्रीण झाली, मग बहीण, मग हिरोची वहिनी. मैत्रिणीचं काम सोपं असतं, हिरॉइन लाजली की आपण खिदळायचं. बहिणीला मध्यंतराच्या आत मरावं लागतं. वहिनी हे सगळं जीव ओतून करायची. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा, "अगं, तू मागे उभी राहून अशी हसतेस की माझं हिरॉइनकडे लक्षच जात नाही." तो पडला नवरा, त्याचं कशाला जाईल. बाकी सगळ्यांचं जात होतं.

दादा गेला तेव्हा मी चार दिवस सोबत म्हणून तिच्याकडे राहायला आले, ते चार दिवस अजून संपायचे आहेत. माझं लग्न झालं नाही, तिला मूल झालं नाही, आणि दोन खोल्यांत आमचं बरं चालतं. नणंद-भावजयीचं पटतं म्हटल्यावर शेजारणींचं पोट दुखतं, म्हणून अधूनमधून आम्ही खिडकी उघडी ठेवून भांडतो. चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. एरवी नुसतं "अगं".

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर बोलताना दिसतात ना, तेव्हा कॅमेरा दोघांकडे एकदम बघत नाही. आधी एकाकडे बघतो, मग दुसऱ्याकडे, आणि ते तुकडे नंतर जोडतात. आधी कुणाकडे, तर मोठ्या माणसाकडे. हिरोचा क्लोजअप चालू असतो तेव्हा समोरची बाई कॅमेऱ्याला चिकटून उभी राहते आणि आपली वाक्यं म्हणते, हिरोला बघायला कुणीतरी हवं म्हणून. याला क्यू देणं म्हणतात. ती तेव्हा पडद्यावर येत नाही. मग लाइट हलवतात, कॅमेरा फिरवतात, त्यात अर्धा दिवस जातो, आणि तिची पाळी येईतो हिरो घरी गेलेला असतो. त्याची वाक्यं कुणीतरी असिस्टंट कागदावरून वाचून दाखवते, सामानाची यादी वाचावी तशी, आणि त्या यादीकडे बघून आपण काळीज फाटल्यासारखं करायचं.

शहाण्या नट्या क्यू देताना नुसते शब्द देतात. वहिनी सगळंच द्यायची. कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून, जिथे तिला कुणी बघणार नव्हतं तिथे, ती खरं रडायची, आवाज बसेपर्यंत विनवण्या करायची, आणि स्वतःची पाळी आली की डोळे कोरडे आणि गळा खरखरीत. मी तिचे केस सारखे करता करता करवादायचे. "कॅमेरा तिकडे होता, वेडे. विहिरीत ओतलंस सगळं." ती म्हणायची, "समोरच्याला काहीतरी दिसायला नको का?"

तो समोरचा बहुतेक वेळा एकच असायचा. वहिनी तीन सिनेमांत त्याची आई झाली होती आणि तो तिला सेटबाहेरही आईच म्हणायचा. आजचा सगळ्यात मोठा हिरो. आपण डोळ्यांत ग्लिसरीन घालत नाही, आपल्याला आतून येतं, असं तो मुलाखतींमधून सांगायचा. एका सिनेमातल्या रडण्याबद्दल त्याला मोठं बक्षीस मिळालं. त्या शॉटमध्ये कोपऱ्यात वहिनीचा उजवा खांदा आहे. खांद्याने फार सुंदर काम केलंय.

गेल्या वर्षी तिचा डावा हात थरथरायला लागला. चहाची बशी वाजायची. वय झालं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग मला आरशात दुसरंच काही दिसायला लागलं. केस विंचरताना मी काही वाह्यात बोलले की आधी तिचे डोळे हसायचे, मग गाल, मग ती मला चापट मारायची. आता मी बोलायचे आणि आरशात काहीच घडायचं नाही, आणि जराशाने ती नुसती म्हणायची, "छान होता हं हा." मला वाटलं, बाईसाहेब कशावरून तरी रागावल्यात. मीही दोन दिवस तोंड फुगवून बसले.

डॉक्टरांनी तिला खोलीत चालायला लावलं, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, आणि कंपवात आहे म्हणून सांगितलं. "हाताचं फारसं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "चेहरा मात्र हळूहळू आखडत जाईल. मनात असेल ते चेहऱ्यावर उमटणार नाही."

"पण मनात असेल ना?" वहिनीने विचारलं.

"असेल की. मनाला काय झालंय."

"मग काय उपयोग," ती म्हणाली. "आमच्या धंद्यात मनातलं कोण विचारतं?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाईंनी विनोद केला.

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की थोड्या वेळाने चेहरा मोकळा व्हायचा, जुनी वहिनी परत यायची, काही तास राहायची, आणि मग पुन्हा लाकूड. भरल्या पोटी घेतली तर केव्हा लागू पडेल याचा नेम नाही. मनाने एकीवर एक घ्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. नटी आजारी आहे हे एकदा कळलं की लोक फार हळहळतात आणि दुसरीला बोलावतात.

अशात तो नवा डिरेक्टर घरी आला. पोरसवदा, चष्मा सारखा वर सरकवणारा, खुर्चीच्या कडेला बसणारा. सिनेमा अर्थातच हिरोचा होता. एक मुलगा संकटात धाकट्या भावाला टाकून पळून गेलेला, तिकडे भाऊ मेलेला, आणि खूप वर्षांनी हा घरी येऊन आईकडे क्षमा मागतो. आमच्याकडच्या आया अशा वेळी रडून मिठी मारतात, ते काम वहिनीने झोपेतही केलं असतं. पण याची आई क्षमा करत नव्हती. ती त्याला जेवायला वाढते, अंथरूण घालून देते, आणि धाकटा कसा गेला ते शांतपणे सांगते. क्षमा करत नाही.

"रडायचं नाही, मॅडम," तो म्हणाला. "आवाज चढवायचा नाही. तुम्ही नुसतं सांगायचं. तुमचं ते सगळं सांगणं मी तुमच्या क्लोजअपवर ठेवणार आहे. पडद्यावर दुसरं काही नाही, फक्त तुमचा चेहरा."

तो गेल्यावर वहिनी ते कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. मी कपबशा उचलल्या, धुतल्या, तरी ती तिथेच.

"एवढी वर्षं माझ्या चेहऱ्यावर कुणी काही लिहिलं नाही," ती म्हणाली. "आणि आता लिहिलं, तर चेहरा चाललाय."

"गोळ्या आहेत ना."

"तेच म्हणते. एकदा होऊन जाऊ दे. एकदा पडद्यावर राहू दे, की ही बाई असं करू शकत होती. मग आखडला तर आखडला."

तिने आजवर स्वतःसाठी असं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. दादाकडेसुद्धा नाही.

तिने डिरेक्टरला एकच विनंती केली की माझा क्लोजअप आधी घ्या. कारण सांगितलं नाही, वयाचं निमित्त केलं. तो लगेच हो म्हणाला. नव्या डिरेक्टरचा शब्द खरा असतो, फक्त त्याला विचारत कुणी नाही. शूटिंगच्या दिवशी सकाळी तो मेकअपच्या खोलीत आला आणि चष्मा वर सरकवत दाराशीच उभा राहिला. हिरोला दुपारी लवकर निघायचं होतं. त्याचा क्लोजअप आधी, मग सगळ्यांचं जेवण, मग मॅडमचा.

"चालेल," वहिनी म्हणाली. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

तो गेला. मी तिला विग चढवला, पिना खोचल्या. तिच्या तळहातावर सकाळची गोळी होती आणि तळहात थरथरत होता.

"आत्ता घेतली तर त्याच्या क्लोजअपला चेहरा चालेल," ती म्हणाली, "आणि माझ्या वेळेला संपलेला असेल. वर जेवण. दुसरी लागू पडेल न पडेल."

"आणि आत्ता नाही घेतली तर क्यू कशाने देणार?"

"शब्द देईन. बाकीच्या देतात तशी. जेवायचं नाही, त्याचं आटोपत आलं की गोळी घ्यायची."

"आणि तो?"

"तो काय माझ्या जिवावर करतो का? केवढा नट आहे तो. भिंतीकडे बघूनही रडेल."

हे ती मनापासून म्हणाली, आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. दुसरी कुठलीही नटी असती तर तिला केव्हाच कळलं असतं की या माणसाचं रडणं आपल्यामुळे चालतं, आणि तिने त्याचा पुरेपूर फायदा उठवला असता. हिला वाटत होतं, आपण नुसती सोबत करतो. मी तोंडाने विहीर विहीर म्हणायचे, पण त्या विहिरीवर कुणी घागरी भरतंय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिने गोळी परत डबीत ठेवली.

सेटवर एक स्वयंपाकघर उभं केलं होतं. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर धुराचे डाग रंगवलेले. हिरो टेबलाशी बसला, वहिनी कॅमेऱ्याच्या बाजूला शाल घट्ट ओढून उभी राहिली. शालीच्या आत हात दाबून धरला होता. मी लाइटच्या मागे कंगवा घेऊन उभी होते.

वहिनीने बोलायला सुरुवात केली. शब्द सगळे बरोबर होते. आवाज खाली आणि सपाट, आणि चेहरा म्हणाल तर दरवाजा. हिरो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, अंधारात आपण बटण चाचपतो तसे, आणि सापडत नव्हतं. डिरेक्टरने कट म्हटलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग आणखी एकदा.

"आई, बरं आहे ना?" त्याने विचारलं.

"बरं आहे, बाळा."

"मग असं काय?"

"काही नाही. घेऊ या आपण."

तिथे तिने त्याला बाजूला नेऊन सांगितलं असतं तर? मी हे नंतर शंभर वेळा मनात घोळवलं. पण सांगितलं असतं तर तो दुपारपर्यंत कळवळून चार जणांपाशी बोलला असता, आणि डिरेक्टरला कुणीतरी म्हटलं असतं की रिस्क नको, दुसरी बघ. तिच्या हातात तो एकच सीन होता.

आणखी काही टेक झाल्यावर तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण हसत म्हणाला, "आज आई हातचं राखून करताहेत. मोठा सीन मिळालाय ना."

दोघे-तिघे हसले. हिरो हसला की हसावं लागतं. वहिनीचा चेहरा तसाच होता, आणि त्यामुळे त्याला ते आणखीच खरं वाटलं असणार. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ग्लिसरीन मागवलं. डोळे लाल झाले, नाक वाहायला लागलं, मेकअप पुसून पुन्हा लावावा लागला. शेवटी डिरेक्टर जो शॉट चांगला म्हणाला तो चांगला नव्हता हे लाइट धरणाऱ्यालाही कळत होतं. हिरो निघाला तेव्हा वहिनी वाटेतच उभी होती. एरवी तो तिला जवळ घेऊन निरोप द्यायचा. आज फोनवर बोलत तो तिच्या बाजूने गेला.

"गरज सरो, वैद्य मरो," मी म्हटलं.

"वैद्याने आज औषधच दिलं नाही," वहिनी म्हणाली आणि तिने स्वतःची गोळी घेतली.

सगळे जेवायला गेले. आम्ही दोघी मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसलो. मी तिच्या केसांत उगाच कंगवा फिरवत होते आणि आरशात तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ती मला म्हणाली, "दूध उतू जायची वाट बघतेस का?" मी म्हटलं, "तसंच समज." मग मी तिला त्या हिरोची चालण्याची नक्कल करून दाखवली, फोन कानाला लावून, नाक ओढत. आणि आरशात आधी डोळे हसले, मग गाल हलले. मला रडू फुटणार होतं. मी पिना शोधायला खाली वाकले.

तिच्या क्लोजअपला टेबलापाशी हिरोच्या जागी कंटिन्यूटीवाली बाई बसली. मागच्या शॉटमध्ये पेला कुठे होता, शालीची घडी कशी होती, याची नोंद ठेवणं हे तिचं काम. तिने हिरोचं पहिलं वाक्य वाचलं, नेहमीसारखं, यादी वाचावी तसं.

वहिनी बोलायला लागली. धाकट्याला ताप चढला, तो दाराकडे तोंड करून पडला, दादा येईल म्हणाला. "दादा येईल" म्हणताना तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं, त्या लहानग्याच्या आठवणीचं, अगदी एवढंसं. मग तिचं लक्ष समोर गेलं, जिथे तिच्या लेखी तो दादा बसलेला होता, आणि ते हसू तिथल्या तिथे परत आत गेलं. रडली नाही. आवाज चढवला नाही. ती पुढे सांगत राहिली आणि तिच्या तोंडावर माया आणि तिटकारा एकाच वेळी दिसत होते, दोन्ही खरे, आणि ती कुठलाच लपवत नव्हती. कंटिन्यूटीवालीला मधे एक वाक्य म्हणायचं होतं. ती म्हणायचीच विसरली. तिच्या हातातला कागद टेबलावर पडला होता आणि वहिनी न थांबता तिच्याकडे बघत शेवटपर्यंत गेली.

कट म्हणायला डिरेक्टरला वेळ लागला. कुणी हललं नाही. मी इतकी वर्षं सेटवर काढली, एवढी शांतता मी कुणी मोठं माणूस गेल्याची बातमी आल्यावरच पाहिली होती.

"परत घेऊ या का?" वहिनीने विचारलं.

"नको, मॅडम," तो म्हणाला. त्याने चष्मा काढून हातात धरला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही दोघी उगाच जागा बदलून बसलो, ती माझ्या खुर्चीत आणि मी तिच्या, आणि हसत राहिलो. ती म्हणाली, "वन्सं, आज मी कुणाला काही दिलं नाही. सगळं माझ्यासाठी ठेवलं." मी म्हटलं, "उशिरा का होईना, अक्कल आली." ती खूश होती. गोळी उतरली तरी आवाजावरून कळत होतं.

डिरेक्टर परत आला तो दीड-दोन महिन्यांनी. फोन न करता आला तेव्हाच मला शंका आली. चांगली बातमी लोक फोनवर सांगतात. तो पुन्हा खुर्चीच्या कडेला बसला आणि चहाकडे बघत बोलायला लागला.

सीन जोडून झाला होता. हिरोने तो बघितला. आधी वहिनी, मग तो, मग वहिनी. शेजारी शेजारी ठेवल्यावर दोघांतलं खरं कोण आणि ग्लिसरीनवालं कोण हे लहान मुलालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने निर्मात्याला सांगितलं की या सीनमुळे सिनेमा मंदावतो. आई जिवंत कशाला हवी? मुलगा घरी येतो तर आई आधीच गेलेली. तो तिच्या फोटोशी बोलतो. एकटाच. जास्त भिडेल.

"मग?" मी विचारलं.

"ते शूट झालं, परवा."

"त्याला रडू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "म्हणजे, आणलं."

माझ्या तोंडाला येईल ते मी त्याला बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि माझी खात्री आहे की त्यातलं बरंचसं तो स्वतःला आधीच बोललेला होता. वहिनीने मला हाताने थांबवलं.

"माझा शॉट कुठे आहे?" तिने विचारलं.

"आहे, मॅडम. ठेवलाय."

"मला एकदा बघायला मिळेल? एकदाच. मी अजून बघितला नाही."

त्याने चष्मा वर सरकवला. निर्मात्याने काही बाहेर द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी बघतो, म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळत होतं. आणि मग त्याने ज्यासाठी आला होता ते सांगितलं. फोटो लागणार होता. हिरोने ज्या चौकटीकडे बघून काम केलं ती सध्या रिकामी होती, त्यात नंतर फोटो बसवायचा होता. त्याच विगमध्ये, त्याच शालीत, नवा काढायला हवा.

तो गेल्यावर मी म्हटलं, "जायचं नाही. बसू दे त्याला रिकाम्या चौकटीकडे बघत."

वहिनीने त्याचा कप उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "पडद्यावर आता तेवढाच राहणार आहे ना माझा चेहरा? मग तो तरी बरा येऊ दे. मी हसते. मुलांना वाढताना हसतात तशी. बघणाऱ्याला कळेल, बाई कशी होती ते."

फोटोच्या दिवशी गोळी वेळेवर घेतली. रिकाम्या पोटी घेतली. पण त्या सुमाराला गोळीचा काही भरवसा राहिला नव्हता, एक दिवस लागू पडायची, एक दिवस पडायची नाही. मी विग नीट बसवला, बटा कानामागे घातल्या, शाल आधीसारखी घेतली. आरशात मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली होती, मागे राखाडी पडदा, एक स्टूल, दोन दिवे. फोटोग्राफर भला माणूस होता, घाईत नव्हता.

"मावशी, थोडं हसा," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्याने वाट बघितली. कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढून पुन्हा लावला.

"अगदी थोडं. घरच्यांकडे बघून हसतो ना, तसं."

"हसतेय," वहिनी म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, म्हातारी चेष्टा करतेय, किंवा हट्ट करतेय. वहिनीही माझ्याकडेच बघत होती, मी काय सांगते म्हणून. ती जीव तोडून हसत होती हे मला ठाऊक होतं, आणि राखाडी पडद्यासमोर एक दरवाजा बसलेला होता.

"हसतेय ती," मी म्हटलं. "काढा."

त्याने फोटो काढले. गेलेल्या माणसाचा फोटो आहे, गंभीर असला तरी चालेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने कॅमेरा आणून वहिनीला दाखवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि खूप वेळ बघितला, एखाद्या अनोळखी बाईचा पत्ता वाचावा तसा. "बरा आहे," म्हणाली आणि परत दिला.

कोपऱ्यातल्या लहान आरशासमोर बसवून मी तिचा विग काढायला घेतला. एक एक पीन काढताना मला राहवेना.

"वाईट वाटतंय का गं?" मी विचारलं.

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"तुला दिसत नाहीये?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला दिसत नव्हतं.